पुढच्या ब्रेकचा नट

माझ्या हाताखाली गाडी शिकलेल्या कुणालाही पुढच्या ब्रेकची सवय नाही. अशी माणसं पन्नासेक तरी असतील. आधी अंबरनाथला चाळीत, मग बदलापूरला सोसायटीत, कारखान्यात, नात्यात, जिथे जिथे पहिली मोटारसायकल आली तिथल्या माणसाने ती शिकायला माझ्याकडे यायचं, असं जणू ठरूनच गेलं होतं. मी तीन गोष्टी सांगायचो. क्लच हळू सोड, नजर लांब ठेव, आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील. यातली तिसरी गोष्ट चूक होती. ती चूक आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते त्या चुकीपेक्षा वाईट होतं.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला सहा वर्षांपूर्वी अपघात झाला. घरात, नात्यात आणि तिच्या कंपनीत सगळ्यांना माहीत असलेली हकीकत अशी, की ऐन वेळी ती घाबरली आणि तिने ब्रेक नीट मारलाच नाही. ही हकीकत खोटी आहे. ती मी तयार केली आणि सहा वर्षं चालू दिली.

मी एमआयडीसीत फिटर होतो. लग्नाआधी काही वर्षं संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका गॅरेजवर काम करायचो. मालक सिंधी होता, हाताला धरून शिकवणारा, पण तोंडाने तिखट. नव्याने गाडी घेतलेला कुणी आला, की तो खुर्चीवरूनच सांगायचा, "नया है ना? आगे का ढीला छोड़ दे, साईं." त्या वेळी आमच्याकडचे रस्ते म्हणजे खडी आणि माती. खडीवर पुढचं चाक जागच्या जागी अडकून एक-दोन पोरं तोंडावर पडली होती आणि त्यांचे बाप गॅरेजवर भांडायला आले होते. तेव्हापासून मालकाने हा उपाय काढला. पुढच्या ड्रमपाशी ब्रेकच्या वायरीला जो नट असतो, तो काही वेढे सैल करायचा. मग हँडलवरचा ब्रेक कितीही दाबला तरी चाकाला काही होत नाही. माणूस आपोआप पायाच्या ब्रेकवर शिकतो. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही, कारण सांगितलं तर तो घट्ट करून मागतो.

रस्ते पुढे डांबरी झाले, मग काँक्रीटचे झाले. मी नट सैल करायचं सोडलं नाही. मुलांचा हात बसला की महिन्याभरात तो मी परत घट्ट करून द्यायचो, तेही न सांगता. मला त्यात हुशारी वाटायची.

पुतणी बी.एस्सी. झाली आणि तिला आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. भावाने घर घेतलं होतं खरवईला. पहिली पाळी सातची. त्या वेळी शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसलं, तर गेटवर रोज उशिराची सही. तिने मोटारसायकल घ्यायचं काढलं.

भावजय म्हणाली, "स्कूटर घे की. मुली स्कूटर घेतात."

"आई, आपल्या रस्त्याला स्कूटरचं चाक खड्ड्यात राहतं आणि माणूस पुढे जातो," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "दादा शिकवणार असेल तर घे."

गाडी मीच बघून घेतली. शंभर सीसीची, दुसऱ्या हाताची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. शुक्रवारी एमआयडीसी बंद असते, रस्ते रिकामे असतात. चार शुक्रवारांत ती शिकली. माझ्याकडे शिकलेल्यांत तिच्याइतकी लवकर कुणी शिकलं नाही. गिअर टाकताना कधी खाली बघितलं नाही, वळणावर कधी पाय टेकवला नाही. तिची गाडी ताब्यात आली त्याच दिवशी मी पुढचा नट सैल केला होता. लायसन्स मिळालं, ती कामावर जायला लागली, दोन महिने झाले, तरी मी तो घट्ट केला नाही. मुलगी आहे, चाळीसच्या वर जायची नाही, हिला कशाला लागतोय पुढचा ब्रेक, असं माझ्या मनात होतं. कुणाला बोललो नाही, पण होतं.

मग तिच्या कंपनीने नियम काढला, की नवं लायसन्स असलेल्या प्रत्येकाने अर्धा दिवस सुरक्षित गाडी चालवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर गाडी आत लावायचा पास मिळणार नाही. बाहेरून एक ट्रेनर आला होता. कंपनीच्या आवारात शंकू मांडून त्याने दुपारभर सराव घेतला, तोही त्याने स्वतः आणलेल्या दोन गाड्यांवर. संध्याकाळी ती सरळ माझ्याकडे आली. माझी बायको भाजी निवडत होती.

"मोठे काका, आज तुमची इज्जत काढली सरांनी," ती म्हणाली.

"कुठल्या सरांनी?"

"ट्रेनिंगवाल्या. मी नुसता मागचा ब्रेक मारला, तर म्हणाले, हे कुठल्या म्हाताऱ्याने शिकवलं?"

बायको हसली. "बरोबर ओळखलं त्यांनी."

पुतणी मग उभी राहून दाखवायला लागली. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, म्हणून पुढचं चाक रस्ता जास्त धरतं, गाडी खरी थांबवतो तो पुढचाच ब्रेक. फक्त झटका द्यायचा नाही. दोन्ही एकदम, आणि पुढचा लिंबू पिळतात तसा, हळूहळू वाढवत. नुसता मागचा मारला तर मागचं चाक घसरतं आणि गाडी थांबत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, उभ्या रिक्षाचं दार कधी उघडेल, टेम्पोवाला आरशात आपल्याला बघतोय का, असं बरंच काही ती सांगत होती; येतानाही सवयीने मागचाच मारत आले, उद्यापासून दोन्ही, हेही. मला मात्र अजून तो 'म्हातारा' एवढाच शब्द ऐकू येत होता.

"वय काय तुझ्या सरांचं?"

"असेल तीस."

"तीस वर्षांचा असताना मी माळशेज उतरत होतो गाडीने. मागच्या ब्रेकवर."

"मग नशीब चांगलं होतं तुमचं," ती म्हणाली, आणि बायको पुन्हा हसली.

मी म्हणालो, "एकदा तोंडावर आपटलीस ना, की कळेल कोण बरोबर ते."

तुझ्या गाडीचा पुढचा ब्रेक सैल आहे, आत्ता खाली चल, दोन मिनिटांत घट्ट करून देतो. एवढंच बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण ते बोललो असतो तर बायकोसमोर, पुतणीसमोर कबूल झालं असतं, की मी चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांशी न सांगता काय करत आलो. उद्या गुपचूप करू, असं ठरवून मी टीव्ही लावला. ती चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, आनंदनगरकडे वळायच्या थोडं अलीकडे, तिच्या पुढचा टेम्पो अचानक थांबला. त्याच्या पुढे कुत्रं आलं होतं. तिने अंतर ठेवलं होतं. शिकवलं होतं तसे दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा लिव्हर मुठीला जाऊन टेकला आणि काहीच झालं नाही. मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि ती टेम्पोच्या मागच्या फळीवर आपटली. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. रॉड घातला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिला सलाईन लावलं होतं. ती शुद्धीवर होती आणि एकच सांगत होती, "मी दाबला होता. हाताला काही लागलंच नाही. ब्रेकच लागला नाही."

भावाने माझ्याकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनीच बघितलं, कारण गाडीतलं कळणारा मी.

मी म्हणालो, "घाबरल्यावर असं वाटतं. हात गोठतो, आणि माणसाला वाटतं आपण दाबला."

ती म्हणाली, "नाही, काका." मग म्हणाली, "तसं असेल?"

"असतं तसं," मी म्हणालो. "भल्याभल्यांचं होतं."

दुपारी टेम्पोत घालून गाडी मीच आणली. आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी केली. पुढचा दिवा फुटला होता, हँडल वाकलं होतं, ड्रमला आणि वायरीला काही झालं नव्हतं. पाना घेऊन मी तो नट घट्ट केला. नऊ वेढे बसले. ते मी शांतपणे मोजले, हे मला आजही आठवतं आणि आवडत नाही. दोन दिवसांनी कंपनीचा सेफ्टी ऑफिसर भावाबरोबर गाडी बघायला आला. त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक ढकलून बघितलं. "ब्रेक तर एकदम ओके आहे," म्हणाला, आणि कागदावर लिहून घेतलं. वाहन सुस्थितीत. चालकाची चूक.

ती चार महिन्यांनी कामावर गेली. आजही जिना चढताना आधी डावा पाय टाकते. गाडी भावाने विकली. नात्यातल्या बायका तिच्या आईला ऐकवायच्या, मुलीच्या जातीला कशाला मोटारसायकल, आणि आई ते मुलीला ऐकवायची. हे सगळं मी पाहत होतो. सणावाराला ताटं मांडताना ती माझ्या शेजारी बसायची. माझ्यावरचा तिचा जीव कमी झाला नाही. तो कमी झाला असता तर मला सोपं गेलं असतं.

पण खरं नुकसान पायाचं नव्हतं, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. भावजय माझ्या बायकोला सांगत होती. कंपनीने पुतणीला लॅबमधून प्लँटवर, शिफ्ट केमिस्ट म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. मोठी जागा. तिने स्वतःच नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "प्लँटवर वेळ आली तर एका सेकंदात व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. माझा हात ऐन वेळी चालत नाही, हे मला माहीत आहे." साहेबांनी तिला मार्चपर्यंत विचार करायला सांगितलं होतं.

"आणि दरवर्षी त्या ट्रेनिंगमध्ये तिचंच उदाहरण देतात," भावजय म्हणाली. "नाव घेत नाहीत, आपल्याच कंपनीतली एक मुलगी म्हणतात. पण सगळ्यांना ठाऊक आहे. अपघातानंतर ते सगळ्यांनाच सक्तीचं केलंय, त्यामुळे ही बसलेली असते तिथेच."

मी ताटावरून उठलो. बायकोला वाटलं, मला ॲसिडिटी झाली.

त्यानंतर मला तीन आठवडे लागले. रोज ठरवायचो आणि रोज काही ना काही निघायचं. शेवटी एका रविवारी खरवईला गेलो. भाऊ आणि भावजय बाजारात गेले होते. ती ओट्यापाशी कुकर लावत होती. मी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्याने, कारण बसलो असतो तर दुसरंच काही बोललो असतो.

तिने गॅस बंद केला. कुकरची शिट्टी हातात तशीच होती.

"किती सैल होता?"

"नऊ वेढे."

"म्हणजे अजिबात लागत नसणार."

"अजिबात नाही."

"मग मी दाबला होता."

"दाबला होतास. बरोबर दाबला होतास."

तिने शिट्टी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "सरांनी सांगितलं होतं, निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. मी त्या दिवशी नाही बघितले. का माहितीये? म्हटलं, गाडी मोठ्या काकांनी बघितलेली आहे."

तिने कुकर बाजूला सरकवला.

"दवाखान्यात तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि नंतर घट्ट केलात."

"हो."

"तुम्ही आता जा, काका. आई-बाबा यायच्या आत जा."

आठ-दहा दिवस काही निरोप नाही. भावाला तिनेच सांगितलं असावं, कारण त्याने माझा फोन उचलणं बंद केलं. बायकोला मी त्याच रात्री सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी हसले होते ना त्या दिवशी, म्हणून नाही बोललात?" मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, आणि तो बसावा असं मी तरी कुठे वागलो होतो.

मग पुतणीचा मेसेज आला. शनिवारी चारला पाना घेऊन या. तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याची मोटारसायकल उभी होती, जुनीच, ड्रम ब्रेकची. शेजारी जिन्यात बसून होता.

"या गाडीचा पुढचा नट नऊ वेढे सैल करा," ती म्हणाली.

शेजारी म्हणाला, "ताई, माझ्या गाडीला काही होणार नाही ना?"

"काही होत नाही. पुन्हा घट्ट करून देणार आहेत ते. मी समोर उभी आहे."

ते शेवटचं वाक्य मला होतं. मी खाली बसलो, नट सैल केला. ती गाडीवर बसली, उजवा पाय जरा जपून टाकत. लिव्हर दाबला. तो मुठीला टेकला. सोडला, पुन्हा दाबला. डोळे मिटून चार-पाच वेळा दाबला. लॅबमध्ये नमुना तपासावा तसं तिचं चाललं होतं.

"हेच," ती म्हणाली. "हाताला हेच लागलं होतं. म्हणजे काहीच नाही लागलं होतं. मला वाटायचं, मी नंतर मनाने बनवलं."

मग तिने मला तो घट्ट करायला लावला, आणि पुन्हा दाबून बघितला. उतरली, शेजाऱ्याला चावी दिली. मला चहा विचारला नाही. एवढंच म्हणाली, "सोमवारी कंपनीत यायचं. लिहून द्यायचं."

कंपनीत सेफ्टी ऑफिसर आता दुसरा आहे, तरुण. त्याने माझं ऐकून घेतलं आणि तो अवघडला. "काका, सहा वर्षांची जुनी केस. फाईल पण क्लोज आहे. आता याचा काय उपयोग?"

पुतणी म्हणाली, "उपयोग मी सांगते सर. प्लँटच्या जागेसाठी मी हो म्हणणार आहे. त्याआधी माझ्या नावापुढे चालकाची चूक नको. लिहून घ्या."

त्याने कोरा कागद पुढे केला. मी जे घडलं ते क्रमाने लिहिलं, पानं दोन झाली, खाली सही केली. त्याने त्यावर शिक्का मारून जुन्या कागदांना जोडलं. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात नव्या मुलांची बॅच आहे, तेव्हा ते उदाहरण काढून टाकायला ट्रेनरला सांगतो.

"काढू नका," पुतणी म्हणाली. "काका स्वतः सांगतील ते."

त्यामुळे मी त्या बॅचला गेलो. वीस-बावीस मुलं-मुली, बहुतेक डिप्लोमाची, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. ट्रेनर तोच होता, आता जरा पोट सुटलेला. मी इथे लिहिलं आहे तेच तिथे सांगितलं, इतकं लांबण न लावता. पुतणी मागे दाराशी उभी होती. माझं झाल्यावर ट्रेनरने कुणाला काही विचारायचंय का म्हटलं. मग दुसऱ्या रांगेतला एक जण म्हणाला, "काका, एक विचारू? चाळीस साल सबको यही सिखाया?"

"हो."

"मग आता आम्ही तुमचं का ऐकायचं?"

दोघं-तिघं हसले. ट्रेनर त्याला गप्प करायला गेला, मी हाताने नको म्हटलं. मी मागे बघितलं. पुतणी माझ्या मदतीला आली नाही, आणि तिने यावं असंही नव्हतं.

मी म्हणालो, "माझं ऐकू नका. खाली पार्किंगमध्ये जा आणि आपापल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून चाक ढकलून बघा. ज्याने तुम्हाला गाडी शिकवली, तो कितीही जवळचा असला तरी बघा."

ट्रेनरने मान हलवली. सगळे उठले, खुर्च्यांचा आवाज झाला. त्यांच्यात दोन गाड्या सैल ब्रेकच्या निघाल्या. एक उल्हासनगरच्या मुलाची होती, गॅरेजवाल्याने तशीच दिली होती. दुसरी एका मुलीची होती, तिला तिच्या मामाने शिकवलं होतं. ती मला म्हणाली, "मामाला काही सांगू नका हं, त्याला वाईट वाटेल." मी तिचा नट घट्ट केला आणि म्हणालो, सांग त्याला. आजच सांग.